सगळं दाखवतात, खेळ सोडून

खुंटमित्र (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस मनात साठलंय, आज मोकळा होतो.

माझे वडील ८१ वर्षांचे. इचलकरंजीत वाढले, तरुणपणी खो-खो खेळले. जिल्ह्याच्या संघापुढे मजल गेली नाही, पण आजही रस्त्यात दोन विजेचे खांब दिसले की मधलं अंतर नजरेनं मोजतात. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने होते. मुलींचा आणि मुलांचा, दोन्ही नेपाळशी. सामना थेट कुठे दिसतो हे बाबांना ठाऊक नव्हतं. "निकाल तर सांगतीलच की," म्हणून संध्याकाळपासून मराठी बातम्या लावून बसले.

त्या दिवशी काय होतं आठवतंय? सैफ अली खानच्या घरात शिरल्याचा संशय असलेल्या माणसाला पहाटे ठाण्यात पकडलं होतं. वानखेडेला ५० वर्षं झाली म्हणून सोहळा होता, तिथे कोण कोणाच्या शेजारी बसलं ते. आदल्या दिवशी चॅम्पियन्स करंडकाचा संघ जाहीर झालेला, त्यात कोणाला वगळलं यावर चार डोकी चार चौकटींत भांडत होती. या बातम्या नव्हत्या असं मी म्हणत नाही. पण खाली सरकणाऱ्या पट्टीत रात्री कधीतरी आलं, "खो-खो : भारत विश्वविजेता". बाबांचा मला फोन. "अरे, पोरी जिंकल्या की पोरं?"

दोन्ही जिंकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या मिनिटाची बातमी लागली. करंडक, कागदाचे कपटे, उड्या. एक पाठलाग नाही, एक सूर नाही, खुंटाला घातलेली एक मिठी नाही. पडद्यावर आकडे आले, मुली ७८-४०, मुलं ५४-३६. बाबा म्हणाले, "७८? खो-खोत ७८ गुण होतात कधी? चुकलेत ते." आणि मलाही उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून मी जाणूनबुजून बघतो. आपल्या वृत्तवाहिन्यांवर खेळाची बातमी म्हणजे खेळ सोडून बाकी सगळं. आईवडील, घर, औक्षण, पेढे, रडणं, भांडण, आणि "संपूर्ण देशाला अभिमान". स्वप्निल कुसाळेचं घ्या. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी दिवसभर दिसलं, रेल्वेतली टीसीची नोकरी दिसली, "धोनीही टीसीच होता" हे तर मी मोजायचं सोडून दिलं. पण थ्री पोझिशन म्हणजे कुठल्या तीन? गुडघ्यावर बसून, पालथं झोपून, मग उभं राहून. पहिल्या टप्प्यानंतर तो सहावा होता, दुसऱ्यानंतर पाचवा, आणि रायफल पेलायला सगळ्यात अवघड अशा उभ्या स्थितीत तो तिसरा आला. यापेक्षा चांगली गोष्ट कोणती सांगणार होतात तुम्ही? मला ती दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळली.

तुमचे अनुभव लिहा. फक्त क्रिकेट विरुद्ध बाकीचे असा आखाडा करू नका. क्रिकेटची गतही फार वेगळी नाही.

निर्धाव षटक

धाग्याला +१००. शेवटच्या वाक्याला वेगळा +१.

२ नोव्हेंबरच्या रात्री आम्ही सगळे जागे होतो. नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. सकाळी बातम्या लावल्या, म्हटलं पुन्हा एकदा डोळे भरून बघू. एका वाहिनीवर सलग वीस मिनिटं प्रेक्षकांत बसलेला रोहित शर्मा. त्याचे डोळे पाणावले का, कधी पाणावले, त्यावर गोल करून बाण. अहो, तो माणूस खेळत नव्हता!

सामना जिथे फिरला ते दाखवा ना. शफाली वर्मानं ८७ केल्या हे सांगितलं, पण जिला एरवी क्वचित चेंडू देतात तिच्या हातात कप्तानानं चेंडू दिला आणि तिनं लुस आणि काप या दोघींना काढलं, त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. त्यांची वुलफार्ट शतक करून उभी होती, अमनजोतच्या हातातून तो झेल उसळला, पुन्हा उसळला, आणि शेवटी एका हातात बसला. तो झेल म्हणजे विश्वचषक होता. तो बातमीत मला चार सेकंद दिसला, तोही वर "नारीशक्ती" असं लिहून, ज्याच्या मागे चेंडूच झाकला गेला.

पॉपकॉर्न

खुर्ची टाकून बसलो आहे. चालू द्या.

लाल माती

आता बोलूच द्या भावांनो. फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झाली. गादी विभागाची फायनल, पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे. पंचानं मोहोळला चितपट दिली, राक्षे म्हणला माझी पाठच लागली न्हाई, रिप्ले दावा. तिथनं पुढं पंचाला लाथ. चूक ती चूकच, त्याची बाजू घ्यायला मी आलो न्हाई. तीन वर्षांची बंदी झाली, झाली.

पण टीव्हीवाल्यांनी ती लाथ किती वेळा दावली? हळू दावली, उलटी दावली, गोल करून दावली, मागनं ढॅण्ण ढॅण्ण म्युझिक. लाथ शंभरदा दाखवली, पाठ लागली का न्हाई ते एकदाबी दाखवलं न्हाई! सगळा वाद त्याच्यावर हुता की. दोन्ही खांदे एकाच टायमाला गादीला टेकले का? एवढंच बघायचं हुतं. खांद्याचा एक क्लोजप, एक जुना वस्ताद शेजारी बसवा, तो दोन मिनटात सांगतोय, आसं आसं झालं. त्याऐवजी चार पुढारी बसवले. एकाला कुस्तीतलं भारंदाज म्हणजे काय इचारलं असतं तर त्यो कुठल्या पक्षात हाय ते इचारला असता.

आणि मोहोळ जिंकला कसा, फायनलला महेंद्र गायकवाडसंगं काय झालं, ह्याची बातमी कुठं? गदा घिऊन खांद्यावर बसलेला फोटो, बास.

शेवटचा चेंडू

सगळे भावनेच्या भरात लिहिताय, म्हणून थोडं थंड पाणी ओततो.

वृत्तवाहिनी हा धंदा आहे. गुरुवारी टीआरपी येतो आणि त्यावर लोकांच्या नोकऱ्या ठरतात. तुम्हीच लाथ बघता म्हणून ते लाथ दाखवतात. इथल्या किती जणांनी मागच्या वर्षभरात खो-खोचा एक अख्खा सामना बघितला? हात वर करा. खुंटमित्रांनी तरी बघितला का? अंतिम सामना दूरदर्शनच्या क्रीडा वाहिनीवर थेट चालू होता. फुकट. बाबांना रिमोटवर तो आकडा लावून दिला असता तर हा धागाच निघाला नसता.

खुंटमित्र

शेवटचा चेंडू, लागलं. खरं आहे, मला माहीत नव्हतं. पण माझं दुखणं तेच आहे हो. दिवसभर बातम्या बघणाऱ्या माणसाला आज रात्री अमुक ठिकाणी सामना आहे एवढंही बातम्यांतून कळू नये? सीरियलचा महाएपिसोड कधी आहे ते आठवडाभर आधी कळतं.

निर्धाव षटक

आणि "लोक बघत नाहीत" हे २०१४ च्या आधी कबड्डीबद्दलही म्हणायचे. प्रो कबड्डीच्या पहिल्याच हंगामाला ४३ कोटींच्या वर प्रेक्षक मिळाले, आयपीएलच्या खालोखाल. लोक अचानक सुधारले का? नाही. कॅमेरा खाली आणला, चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ लावलं, आणि समालोचक सांगायला लागले की कोपऱ्यातल्या गड्यानं घोटा कसा धरला. खेळ समजला की माणूस बघतो. समजावणार कोण?

शेवटचा चेंडू

ते खेळाच्या वाहिनीनं केलं, बातम्यांच्या वाहिनीनं नाही. सफरचंद आणि संत्री.

प्यादं

नागपूरहून लिहितेय. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, बुद्धिबळ शिकतो. २८ जुलैला जॉर्जियातल्या बातुमीत दिव्या देशमुख जिंकली त्या दिवशी आमच्या गल्लीत दिवाळी होती. मुलाला घेऊन टीव्हीसमोर बसले. बाप्पा, काय काय ऐकलं!

एका बाईनं आनंदानं सांगितलं, "नागपूरची दिव्या बनली विश्वविजेती." मुलगा लगेच, "आई, हे चूक आहे ना?" चूकच. दिव्यानं विश्वचषक जिंकला. जगज्जेतेपदाचा सामना वेगळा असतो आणि तो किताब तेव्हा चीनच्या जू वेनजुनकडे होता. नऊ वर्षांच्या पोराला कळतं ते स्टुडिओतल्या कोणालाच कळू नये? दुसऱ्या वाहिनीवर दिव्यानं कोनेरू हम्पीला "मात दिली" म्हणताना मागे जो पट दाखवला त्यावर राजा आणि वजीर चुकीच्या घरात उभे होते. आणि पट आडवा होता. खाली उजव्या हाताला पांढरं हवं, तिथे काळं घर!

खरी गोष्ट किती सुंदर होती. दोघी भारतीय. एक १९ वर्षांची, एक ३८ वर्षांची, एका पिढीची रोल मॉडेल. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत, मग रॅपिडचा पहिला बरोबरीत, आणि दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन दिव्या जिंकली. एकही ग्रँडमास्टर नॉर्म (त्या किताबासाठी लागणारी ठरावीक कामगिरी) नसताना हा विश्वचषक जिंकल्यामुळे थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी. हे सगळं सोडून आईच्या गळ्यात पडून रडतानाचा तोच एक तुकडा लूपवर. तो क्षण मलाही भिडला, मी पण रडले. पण सतराव्या वेळी नाही रडू येत हो.

कृष्णाकाठ

सांगलीकर म्हणून दोन गोष्टी.

एक, संकेत सरगर. २०२२, बर्मिंगहॅम राष्ट्रकुल, वेटलिफ्टिंग, ५५ किलो वजनी गट, रौप्य. सगळीकडे "पानटपरीवाल्याचा मुलगा". टपरी आतून, टपरी बाहेरून, टपरीवरची बरणी. त्या दिवशी स्नॅचनंतर (वजन एका दमात डोक्यावर) संकेत सहा किलोंनी पुढे होता, ११३ विरुद्ध १०७. क्लीन अँड जर्कला (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५ उचलले आणि १३९ च्या प्रयत्नात कोपर दुखावलं. मलेशियाच्या गड्यानं १४२ उचलले आणि एकूण झाले २४९ विरुद्ध २४८. एक किलो! साखरेची एक पिशवी! कोपर धरून हा पोरगा पुन्हा तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला होता. मला सांगा, टपरी मोठी की हे मोठं? टपरीबद्दल आदर आहेच, मी स्वतः तिथे चहा प्यायलेय. पण वडिलांची गरिबी एवढंच भांडवल असल्यासारखं सांगू नये.

दोन, स्मृती मानधना. त्याच नवी मुंबईत जिंकलेल्या विश्वचषकात ४३४ धावा, एका विश्वचषकात कुठल्याही भारतीय बाईनं केलेल्या सगळ्यात जास्त. आणि नोव्हेंबरात आमच्या गावात वाहिन्यांच्या ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाच्या गाड्या) आल्या त्या कशासाठी, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर मी एक अक्षर लिहिणार नाही, कारण तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे. पण ज्या रात्री ती खेळली त्या रात्रीपेक्षा जास्त गाड्या होत्या.

पॉपकॉर्न

साखरेची पिशवी ❤️

रनडाऊन

बराच वेळ वाचतोय, लिहू की नको करत. मी नऊ वर्षं वृत्तवाहिन्यांच्या डेस्कवर काढली आहेत, आता बाहेर आहे. नावं घेणार नाही. तुमचा राग नव्वद टक्के बरोबर आहे, उरलेल्या दहा टक्क्यांसाठी लिहितोय.

पहिलं म्हणजे दृश्यं. सामन्याची दृश्यं ज्यानं प्रक्षेपणाचे हक्क विकत घेतले त्याची असतात. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले. एवढे पैसे ओतणारा माणूस तुम्हाला षटकार फुकट वाटत बसेल का? कॉपीराइट कायद्यात चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी थोडा वापर चालतो, पण "थोडा" म्हणजे किती, यावर वाहिन्या कोर्टात गेलेल्या आहेत. दिल्ली उच्च न्यायालयात २००८ मध्ये हे प्रकरण गाजलं. त्यामुळे डेस्कवर कायम धाकधूक. म्हणून तुम्हाला झूम होणारे फोटो दिसतात, जुन्या सरावाची दृश्यं दिसतात, कारण ती आपल्याच कॅमेरामननं काढलेली असतात. रोहितचे डोळे का? एजन्सीचा फोटो हाताशी होता म्हणून. घर, टपरी, औक्षण का? तिथे आपला स्ट्रिंगर, म्हणजे गावातला बातमीगणिक काम करणारा वार्ताहर, पोहोचतो, तिथे कोणाचे हक्क नाहीत. आणि आई रडली की पॅकेज, म्हणजे दृश्यं जोडून केलेली बातमी, तयार.

दुसरं म्हणजे माणसं. मी होतो तिथे क्रीडा डेस्क म्हणजे एक मुलगा. त्याची साप्ताहिक सुट्टी असली की क्रीडा डेस्क सुट्टीवर. निवडणूक लागली की त्याला जिल्ह्यात पाठवायचे. मग रात्री अकराला बुद्धिबळाची बातमी कोण लिहिणार? जो आधी सोन्याचा भाव लिहीत होता तो. पट आडवा लागला तर नवल नाही, ग्राफिक्सवाल्यानं इंटरनेटवरून उचललेला असतो.

लाल माती, तुमची लाथ मात्र माफ करता येणार नाही. ते दृश्य आमच्याकडे होतं, खांद्याचं पण होतं. खांद्याचं कोणी मागितलंच नाही. रनडाऊनमध्ये (बातमीपत्राच्या क्रमयादीत) मथळा होता "आखाड्यात राडा". मथळा आधी ठरतो, दृश्यं त्याला शोधतात.

आणि खुंटमित्र, त्या १९ जानेवारीला मी ड्युटीवर होतो. तुमच्या बाबांनी आमचीच वाहिनी लावली होती की दुसरी, माहीत नाही. आमच्याकडेही खो-खो पट्टीतच गेलं. पट्टीला अक्षरांची मर्यादा असते. कोण जिंकलं, कितीनं, दोन्ही संघ, एवढं बसत नव्हतं, म्हणून "भारत विश्वविजेता". दुसरी पट्टी टाकता आली असती. सुचलं नाही.

लाल माती

रनडाऊन साहेब, खरं बोललात त्याबद्दल मानलं. खांद्याचं दृश्य हुतं म्हणताय आणि कुणी मागितलं न्हाई. आता झोप कशी यायची मला.

मेलबर्नकर

इथल्या संध्याकाळच्या बातम्यांत शेवटी खेळाचा ठरलेला भाग असतो, वेगळा निवेदक, रोजचा. युद्ध असो, पूर असो, तो भाग सुटत नाही. सवयीनं बरं वाटतं. पण फार हेवा करू नका. हिवाळ्यात तो सगळा भाग फुटी (इथला फुटबॉल). खेळाडूच्या गुडघ्याचा एमआरआय ही पहिली बातमी. पाच वर्षांत इथल्या बातम्यांत कबड्डी हा शब्द एकदाही ऐकला नाही, आणि तशी अपेक्षाही नाही.

एक चांगलं आहे. महत्त्वाच्या स्पर्धा फुकट वाहिन्यांवर दिसल्या पाहिजेत अशी यादीच सरकारनं कायद्यानं केलेली आहे.

निर्धाव षटक

आपल्याकडेही आहे की. २००७ चा कायदा, राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागतं. म्हणून तर भारताचे मोठे सामने दूरदर्शनवर दिसतात.

अवांतर : मला जुन्या आकाशवाणीची फार आठवण येते. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत आमचे काका क्रिकेट शिकले, चेंडू कुठे पडला हे कानानं दिसायचं म्हणे. आणि पेपरात वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाला अख्खं पान मिळवून दिलं. त्यांच्यामुळे कबड्डी, खो-खो, कुस्ती क्रिकेटच्या शेजारी छापून यायला लागली. आता वाहिनीवर "पायचीत" म्हणायला लाजतात. "एलबीडब्ल्यू" म्हणा, हरकत नाही, पण प्रत्येक सामन्यात "धूळ चारली", "पाणी पाजलं", "लोळवलं", "नांगी ठेचली". तीन गडी राखून शेवटच्या षटकात कसाबसा जिंकलेला संघसुद्धा धूळच चारतो. परवा त्रिफळा उडाल्याची बातमी ऐकून बायकोनं विचारलं, चूर्ण का?

पॉपकॉर्न

आवळा, हिरडा, बेहडा, आणि बुमराह.

दोनापावला

गोव्यातून. २२ ऑक्टोबरला फातोर्ड्यावर फुटबॉल, एफसी गोवा आणि सौदी अरेबियाचा अल नासर, रोनाल्डोचा क्लब. आशियाई स्पर्धेत एवढा मोठा क्लब गोव्यात खेळायला येतोय. पंधरा दिवस वाहिन्यांवर एकच प्रश्न, रोनाल्डो येणार का. आला नाही. आला नाही म्हणताच बातमी संपली.

सामना झाला की हो! गोवा १-२ हरलं, पण पाहुण्यांना शेवटपर्यंत सुखानं बसू दिलं नाही. आमचा गोल ब्रायसन फर्नांडिसनं मारला, गोव्याचा पोरगा, कोट्यवधींच्या बचावफळीसमोर. ते कोणत्या बातमीत दिसलं? मी शेजारच्या काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मॅच झाली? रोनाल्डो तर आला नव्हता ना?"

शेवटचा चेंडू

ठीक आहे, थोडी माघार घेतो. मी क्रिकेटवाला. सप्टेंबरात आशिया चषकात १४ तारखेला दुबईत पाकिस्तानला सात गडी राखून हरवलं. हस्तांदोलन झालं नाही, त्यावर आठवडाभर चर्चा. बातमी आहेच ती, नाकारत नाही. पण त्या संध्याकाळी कुलदीपनं १८ धावांत तीन बळी घेतले होते आणि त्याची फिरकी कोणाला कळत नव्हती. हे मी ऑफिसात सांगितलं तर एकानं विचारलं, "कुलदीपनं हात मिळवला का?"

टीआरपीचं मी म्हणालो ते मात्र मागे घेत नाही. चांगलं दाखवलं तरी किती लोक थांबतील, शंकाच आहे.

प्यादं

किती थांबतील ते दाखवल्याशिवाय कसं कळणार? काहून आधीच ठरवून टाकता?

कृष्णाकाठ

साताऱ्याचं राहिलं. ऑगस्ट २०२३, बर्लिन. अदिती स्वामी १७ व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती, आणि त्याच दिवशी ओजस देवतळेही, अंतिम फेरीत १५० पैकी १५०. म्हणजे पंधरा बाण आणि पंधराही दहाच्या वर्तुळात. दोघेही साताऱ्यात सराव करणारे. (ओजस मूळचा नागपूरचा, प्यादं, भांडू नका.) एका जिल्ह्याच्या गावात एका दिवशी दोन जगज्जेते घडले. असं दुसऱ्या देशात झालं असतं तर त्या मैदानाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम झाला असता. आपल्याकडे "साताऱ्याची सुवर्णकन्या" एवढी पाटी आणि पुढे हवामान.

प्यादं

भांडत नाही, वाटून घेऊ. 🙂

रनडाऊन

अविनाश साबळेचा किस्सा सांगतो, मग थांबतो. ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम, तीन हजार मीटर स्टीपलचेस. साबळे रौप्य, ८ मिनिटं ११.२० सेकंद. सुवर्णवाला केनियाचा किबिवोट ११.१५. पाच शतांश सेकंद. १९९४ नंतर केनियाबाहेरच्या माणसाला या शर्यतीत पदकच मिळालं नव्हतं. आमच्या क्रीडा डेस्कवरच्या मुलानं हे लिहिलं, मन लावून. २८ अडथळे, सात पाण्यावरच्या उड्या, शेवटच्या फेरीत साबळे कुठून वर आला. दीड मिनिटाचं पॅकेज. वरून निरोप आला, "दुष्काळी बीडचा पोरगा, आधी ते घे. पाणी नाही आणि पाण्यावरून उडी, असा अँगल लाव." मुलानं लावला. चांगला गाजला तो अँगल. पाच शतांश सेकंद कापले गेले, कारण वेळ संपली होती. तो मुलगा आता बँकेत आहे.

लाल माती

पाणी न्हाई आणि पाण्यावरनं उडी. अरं देवा.

मेलबर्नकर

खुंटमित्र, तुमच्या मूळ प्रश्नाचं कोणीच उत्तर दिलं नाही. ७८ गुण कसे झाले? मी सामना मोबाइलवर बघितला होता. सांगतो. जुन्या खो-खोत एक गडी बाद म्हणजे एक गुण. या नव्या पद्धतीत एक बाद म्हणजे दोन गुण. चार पाळ्या, प्रत्येकी सात मिनिटांची. मुलींनी पहिल्याच पाळीत ३४ केले. दुसऱ्या पाळीनंतर ३५-२४, कारण संरक्षणात तुकडी तीन मिनिटांच्या पुढे टिकली तर संरक्षण करणाऱ्यांनाही गुण मिळतो, त्याला ड्रीम रन म्हणतात. तिसऱ्या पाळीअखेर ७३-२४. चौथ्या पाळीत आपली तुकडी पाच मिनिटांहून जास्त टिकली, त्याचे पाच. झाले ७८.

खुंटमित्र

मेलबर्नकर, दंडवत. बाबांना फोन करून तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला. मध्येच थांबवून दोनदा आकडे विचारले.

"३४ म्हणजे १७ गडी. सात मिनिटांत १७." मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"आणि ती पाच मिनिटं टिकली ती कोण?"

मी शोधून सांगितलं, चैत्रा, कर्नाटकची. "कर्नाटकची," म्हणाले. "पाच मिनिटं म्हणजे पोरीनं जीव काढला असेल." पलीकडून कागदाचा आवाज आला. आईनं नंतर सांगितलं, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नाव लिहून ठेवलंय.

पॉपकॉर्न

उद्या कुठला सामना कुठल्या वाहिनीवर आहे, असा एक कायमचा धागा काढायचा का? मी रोज टाकतो. बाबांना पाठवत जा.

खुंटमित्र

काढा. पण आकडा मोठ्या अक्षरात लिहा, त्यांना रिमोटवरचं दिसत नाही.